बोल्टांची रांग

कारखान्यात तिला सगळे कुलूपबाई म्हणायचे आणि ते तिच्या कानावर होतं. तिने कधी कुणाला टोकलं नाही, कारण त्यात खोटं काय होतं? कोठीतला साधा पाना घ्यायचा तरी ती दहा प्रश्न विचारायची, आणि संध्याकाळी तो जागेवर आला नाही तर नेणाऱ्याला गेटवर गाठायची. मोठी शिडी तर तिने भिंतीला साखळीने बांधून ठेवली होती. चावी कमरेला. साहेबांनी मागितली तरी ‘कशाला हवी?’ हे आधी, चावी मग.

ही नोकरी तिला मिळाली ती नवरा पडला म्हणून. तो याच कारखान्यात छपरांच्या कामाचा मुकादम होता. वीस वर्षं पत्र्यांवर वावरला, कधी पाय घसरला नाही, आणि पडला तो ट्यूबलाइट बदलताना. आठ फुटांवरून. शिडी धरायला उभा केलेला माणूस ‘आलोच’ म्हणून तंबाखू मळायला गेला, शिडीचा एक पाय फरशीवर सरकला, झालं. खुबा मोडला, आत लोखंडी पट्टी बसली आणि वीस वर्षांच्या नावाचं मातेरं झालं. उंचावरून पडलेल्यासाठी लोक निदान हळहळतात. आठ फुटांवरून पडलेल्याला हसतात. ‘किती फुटांवरून?’ असं विचारायचे, आणि उत्तर ऐकलं की त्यांच्या ओठाचा कोपरा हलायचा. तिला त्या कोपऱ्यांचा मनस्वी राग होता. नवऱ्याने तर त्यानंतर दोन वर्षांत कारखान्याचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं.

मुकादमकी मग धाकट्या दिराकडे आली. त्याला लोक घोरपड म्हणत, कारण तो कुठेही चढायचा आणि चढला की चिकटायचा. कामाला एक नंबर, पण अंगात मस्ती. रोज सकाळी तो आणि त्याचे तीन गडी कोठीसमोर अंगावर सुरक्षेचे पट्टे चढवून रांगेत उभे राहायचे, ऑफिसातली बाई मोबाइलवर फोटो काढायची, फोटो कुठल्याशा फायलीत जायचा आणि पट्टे लगेच खुंटीवर. वर जायचं ते मोकळ्या अंगाने. पट्ट्याने काम अडतं म्हणे. हे वर्षानुवर्षं असंच चाललं होतं, आणि खरं सांगायचं तर गेली दोन वर्षं ते पट्टे परत घेऊन खुंटीला टांगणारे हात कुलूपबाईचेच होते. पान्याला दहा प्रश्न विचारणाऱ्या बाईने पट्ट्याबद्दल कधी एक विचारला नव्हता.

आदल्या संध्याकाळी जेवताना दीर म्हणाला, “दादा, उद्या पॅकिंगच्या शेडवर चढतोय. गरम हवा बाहेर काढायचे चार पंखे बसवायचेत माथ्यावर. सोमवारी कोणीतरी मोठे पाहुणे येणार आहेत, साहेबांची नुसती लगीनघाई चाललीय.”

नवऱ्याचा हात ताटातच थांबला. “पॅकिंगची शेड? तिथे बोल्टांच्या रांगेवर जाऊ नकोस.”

दिराला वाटलं, दादा थट्टा करतोय. कारण बोल्टांची रांग म्हणजे या लोकांचा देव. सिमेंटचा पत्रा माणसाचा भार घेत नाही, भार घेतं ते पत्र्याखालचं लोखंड. ते वरून दिसत नाही. पण पत्रा लोखंडाला जिथे कसलेला असतो तिथे बोल्टाचं टोपण वर आलेलं असतं. तेव्हा टोपणांची रांग धरायची आणि बिनधास्त चालायचं. बापाने दोघा भावांना हाच धडा दिला होता, आणि दोघांनी तो मुकाट्याने गिरवला होता.

“चार वर्षांपूर्वी तिथे मी सांधे शिवले होते,” नवरा सांगू लागला. “उजेडाचे पत्रे असतात ना मधेमधे, फायबरचे, ते बाजूच्या सिमेंटच्या पत्र्यांना आखूड स्क्रूंनी शिवले. त्या स्क्रूंखाली लोखंड नाही. वरून टोपण मात्र तसंच दिसतं.”

“अरे, पण उजेडाचे पत्रे काय दिसत नाहीत का?”

“मागच्या उन्हाळ्यात सगळं छप्पर पांढरं रंगवलं की रे, तापू नये म्हणून. ते पत्रेही त्यातच गेले. आता काय कुठे आहे, वरून देवालाही कळायचं नाही.”

“मग कुठल्या रांगा तुझ्या, ते सांग.”

“असं बसल्या जागी कसं आठवेल? बघावं लागेल.”

दीर हसला. “दादा, मी आज वर जाऊन आलो. सात-आठ पावलं चाललोसुद्धा. दगड आहे दगड. आणि आठ फुटांवरून पडलेल्या माणसाने मला छप्पर शिकवायचं म्हणजे जरा...”

नवऱ्याने मान खाली घातली आणि पाण्याचा पेला उगाच दोनदा सरकवला. तिच्या डोक्यात तिडीक गेली. पेला त्याच्या हातातून काढून घेत ती दिराला म्हणाली, “भाऊजी, मुकाट जेवा आणि उठा. नाहीतर माझ्या तोंडून काहीतरी जाईल.”

दीर गेल्यावर नवरा एवढंच म्हणाला, “आता तो उद्या मला दाखवायला म्हणून त्याच रांगेवरून जाईल. माझ्या बोलण्याने जाईल.” हा माणूस आधीच एका पडण्याचं ओझं वाहत होता. दुसरं पडणं त्याच्या नावावर लागलं असतं तर त्याने अंथरुणातून डोकं वर काढलं नसतं.

सकाळी आठला फोटो झाला. चौघांनी पट्टे काढून पुढे केले. ती हात बांधून उभी.

“वहिनी, धरा की. आणि शिडी सोडा.”

“पट्टे अंगावर राहू देत. शिडी मिळणार नाही.”

वेल्डर हसला. तो या गड्यांत वयाने मोठा, सगळ्यात बोलका. “का हो बाई, शिडीचा आज उपास आहे का?”

“हो. फळ्या टाकल्याशिवाय, दोर ताणल्याशिवाय आणि खाली जाळी बांधल्याशिवाय ती काही तोंडात घालणार नाही. सगळं कोठीत आहे. जाळी तर दोन वर्षं झाली, प्लास्टिकमधूनसुद्धा निघालेली नाही. काढून देते, बांधा, मग चढा.”

दिराचा चेहरा उतरला आणि लगेच तापला. तीन गड्यांसमोर वहिनीने असं बोलणं म्हणजे नाकाला मिरच्या झोंबणारच. “वहिनी, घरचं घरी. इथे मी मुकादम आहे.”

“असाल. आणि मी कोठीवाली आहे. तुमचं काम वर, माझं काम खाली. खालचं काम झाल्याशिवाय वरचं सुरू होत नाही, एवढं साधं आहे.”

“लोक म्हणतील, भाऊ पडला म्हणून हा घाबरला.”

“म्हणू देत. लोकांच्या म्हणण्याने कुणाचा खुबा मोडत नाही.”

साहेब आले ते घड्याळाकडे बघतच. उंच, शांत आवाजाचा माणूस. आवाज शांत ठेवून माणसाला कसं बारीक करायचं हे त्यांना चांगलं जमायचं. “जाळी-बिळी बांधायला अर्धा दिवस जाईल, बाई. आज पंखे बसले पाहिजेत. हे चौघे नवशिके आहेत का? शिडी सोडा.”

तिने चावी दिली नाही, आणि वाद घालत उभीही राहिली नाही. सरळ पॅकिंगच्या शेडमध्ये शिरली. आत चाळीस बायका खोक्यांना चिकटपट्ट्या लावत होत्या. छप्पर रंगवल्यापासून दिवसाढवळ्या दिवे लावून काम चालायचं. दिवे खाली लोंबकळणारे, त्यांच्या वर सगळा काळोख. तिने मेन स्विचची दांडी धरली आणि खाली ओढली.

गच्च अंधार. टेबलांवरून चिकटपट्ट्यांची चरचर थांबली. “अगं बाई, गेली का लाइट?” पॅकिंगची सगळ्यात जुनी मावशी ओरडली. “खोक्यात स्वतःलाच पॅक करून घेऊ नका गं पोरींनो!”

“लाइट गेली नाही, मावशी. मी घालवली,” ती म्हणाली. “जरा वर बघा सगळ्यांनी.”

आधी काहीच दिसेना. मग डोळे सरावले तसे वरच्या काळोखात एकेक लांबट तुकडे दिसू लागले. मळके, पिवळट, जुन्या वर्तमानपत्राच्या रंगाचे. बाहेरचं ऊन रंगाच्या थरातून जेमतेम झिरपत होतं, पण झिरपत होतं खरं. कुणीतरी मोजायला लागलं. चौदा.

साहेब, दीर आणि गडी तिच्या मागोमाग दारात येऊन थबकले होते.

“भाऊजी, काल शिडी कुठे लावली होती?”

“त्या दाराच्या डोक्यावर,” दीर नाराजीनेच म्हणाला.

“आणि मग?”

“मग काय? बोल्टांची रांग दिसली, ती धरून सरळ वर निघालो.”

“तसेच चाला. इथे, फरशीवर. काल वर चाललात तस्से.”

“वहिनी, हा काय पोरखेळ...”

“पोरखेळ तर पोरखेळ. सात-आठ पावलांचाच तर आहे.”

तो चालला. तिच्या समाधानासाठी नाही, गड्यांसमोर माघार नको म्हणून. दारापासून सरळ, एक, दोन, तीन, हात थोडे पसरून, वर चालतात तसा तोल सावरत. पाचव्या पावलाला ती म्हणाली, “थांबा. आता मान वर करा.”

त्याने मान वर केली. पिवळट तुकडा बरोबर त्याच्या उजव्या खांद्याच्या वर होता. तुकड्याच्या कडेने आखूड स्क्रूंची टोकं ओळीने लोंबत होती, आणि त्यांच्याखाली लोखंड नव्हतं. नुसती वीस फूट हवा आणि मग ही फरशी. तो काल त्या रांगेच्या डाव्या बाजूने, सिमेंटच्या पत्र्यावरून चालला होता आणि तो पत्रा नशिबाने टिकला, एवढंच. उजव्या बाजूने का चालला नाही, याला काही कारण नव्हतं.

दिराने नजर खाली घेतली. “फायबर आहे. फायबर भार घेतं तसं. एखादं पाऊल सहज...”

“घेतं?”

भिंतीशी जाळी-जळमटं काढायचा तीन जोडांचा बांबू उभा होता. तो तिने उचलला. दाराजवळच्या खुंटीवरचं हेल्मेट डोक्यावर घातलं, चाळीस बायकांना भिंतीकडे हाकललं, दिराला दंडाला धरून मागे ओढलं. साहेबांच्या काय होतंय ते लक्षात यायच्या आत तिने बांबूचं टोक त्या तुकड्याला लावलं आणि दोन्ही हातांनी वर रेटलं. एकदा पत्रा नुसता वाकला. दुसऱ्यांदा रेटल्यावर कडाड् आवाज झाला आणि हातभर तुकडा खाली येऊन फरशीवर फुटला. पिवळ्या धुळीतून उन्हाचा झोत उतरला, आणि तो उतरला तो तिचा दीर घटकाभरापूर्वी उभा होता तिथे.

“बघितलंत?” ती धापा टाकत म्हणाली. “चाळिशीच्या बाईचे दोन हात. तुमचं वजन किती, भाऊजी?”

आता मात्र साहेबांचा आवाज चढला. “काय चाललंय हे? शेड काय तुमच्या बापाची आहे?”

“शेड तुमची, साहेब. दीर माझा.”

मावशीने अंधारात टाळी वाजवली आणि लगेच हात पदरात लपवला.

ती पुढच्या तुकड्याखाली गेली. तोही फोडला. मग तिसरा. बांबू जड होता, खांदे भरून आले होते, तरी तिला थांबवेना. दोन वर्षं ज्या ज्या माणसाने ‘किती फुटांवरून?’ म्हणून विचारलं होतं तो प्रत्येक जण तिला त्या पत्र्यांत दिसत होता. खोटं कशाला बोला, तिला फार बरं वाटत होतं. “आता वरूनही दिसेल कुठे पाय ठेवायचा नाही ते,” ती म्हणाली. “रंगारी झाकून गेले, मी उघडं केलं.”

“चावी टेबलावर ठेवा,” साहेब म्हणाले. आवाज पुन्हा शांत झाला होता, म्हणजे ते खरंच संतापले होते. “उद्यापासून येऊ नका. नवरा घरी बसला तेव्हा तुम्हाला उपकार म्हणून घेतलं. त्याची ही फेड.”

तिने कमरेची चावी सोडली आणि खोक्यांच्या टेबलावर ठेवली. घरात येणारा पगार हा एकच होता आणि तो आता गेला, हे तिला लख्ख कळत होतं. पण गप्प बसायची वेळ केव्हाच टळून गेली होती.

“उपकार?” ती म्हणाली. “शिडी तुमची होती. धरायला ठेवलेला माणूस तुमचा होता. तो जागेवरून हलला आणि माझ्या नवऱ्याचा पाय आयुष्याचा गेला. त्याला तुम्ही आठ फूट म्हणता आणि मला नोकरी दिली त्याला उपकार. चावी घ्या, साहेब. पण याला वर चढवलंत तर मी या दारातून हलणार नाही, आणि या चाळीस जणींनी आत्ता वर काय पाहिलं ते त्या कुणीही विचारलं तरी सांगतील.”

“न विचारता सांगू,” मावशी म्हणाली.

साहेबांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. त्यांनी स्वतः कोठी उघडली, साखळी काढली आणि दोन गड्यांकरवी शिडी बाहेर आणून दारावरच्या पत्र्याला टेकवली. सगळी माणसं त्यांच्यामागून उन्हात आली. शिडी उभी राहिली. पट्टे अजून चौघांच्या अंगावरच होते, काढायचं कुणाला सुचलं नव्हतं.

“चढा,” साहेब म्हणाले.

वेल्डरने दिराकडे बघितलं. दिराने फरशीवरच्या त्या उन्हाच्या तुकड्याकडे बघितलं, दारातून तो दिसत होता. घोरपड म्हणवून घेणारा माणूस, पण शिडीला हात लावेना.

“साहेब,” तो शेवटी म्हणाला, “तुम्ही या आधी वर जाऊन. सोपं आहे. बोल्टांची रांग धरायची आणि सरळ चालायचं. मी खालून आवाज देतो, कुठे पाऊल टाकायचं ते.”

“मस्करी करतोस?”

“नाही. मी कालपर्यंत असाच चाललो. तुम्हीही चाला.”

साहेबांनी रागाच्या भरात खरंच एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला. चाळीस बायका, तीन गडी, दीर, सगळ्यांचे डोळे त्या पायावर. त्यांनी वर पाहिलं. पत्र्याची पांढरी कड उन्हात चकाकत होती, कुठूनही कुठेही एकसारखी. त्यांनी पाय काढून घेतला आणि बुटावरची धूळ झटकल्यासारखं केलं.

“किती वेळ लागेल?” त्यांनी विचारलं. “त्या फळ्या, दोर, जे काय असेल ते.”

“मला नाही सांगता येणार,” दीर म्हणाला. “ज्याला सांगता येईल त्याला विचारतो.” आणि सगळ्यांसमोर फोन काढून त्याने नंबर लावला. पलीकडून आवाज आला तसा तो थोडा वळला, पण तरी ऐकू येत होतंच.

“दादा... मी. नाही, नाही, पडलो नाही. ऐक ना. रिक्षा कर आणि ये इकडे. तू खाली बस आणि बोट दाखव, लोखंड कुठे आहे आणि तुझे स्क्रू कुठे आहेत ते. तू सांगितल्याशिवाय मी वर पाऊल टाकणार नाही... काल जे बोललो ते... तू ये. तू आधी ये.”

फोन कानाला तसाच धरून तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पलीकडून एकच शब्द आला, आणि दिराने मान हलवली. येतोय.

आतापर्यंत एक टिपूस न काढलेल्या कुलूपबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तिने ते पुसलंसुद्धा नाही. शेडमध्ये जाऊन तिने दिव्यांची दांडी वर केली आणि चाळीस जणींना पाठवलं पलीकडच्या टोकाला, छपराचं काम संपेपर्यंत. कोठीतून जाळीचा गठ्ठा फरफटत बाहेर आणला आणि वेल्डरच्या पायाशी टाकला. मग ती साहेबांसमोर येऊन उभी राहिली. त्यांच्या हातात अजून तिची चावी होती आणि तिचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं.

“साहेब, तुमच्या केबिनमधली खुर्ची बाहेर काढा,” ती म्हणाली. “पाठ असलेली, हाताची. आमच्या मुकादमांना साध्या स्टुलावर बसवत नाही.”